गुडघ्यावर शिवलेलं बटण

टेलरमास्तरांचा सगळा जन्म ऐटीत गेला. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की टेप न लावता कंबर सांगायचे आणि वर ‘लग्नानंतर फार सुटलात’ असंही ऐकवायचे. अशा माणसाला आता पोटची लेक लाचार दिसायची तालीम देत होती.

मास्तरांना घरी एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून तिने बिनपगारी रजा घेतली होती, आणि ती संपत आली होती. मदतनीस ठेवली तर तिचा पगार सरकारी योजनेतून मिळणार होता. पण मास्तरांना रोजची कामं जमत नाहीत हे तपासणीच्या बाईंना पटायला हवं होतं. नाही पटलं, तर लेकीची नोकरी गेलीच म्हणून समजा.

“बाबा, त्यांच्यापुढे फुशारकी मारू नका. शर्टाची बटणं लावायला सांगितली तर नुसते चाचपडा.”

“नाटक करू म्हणतेस? बघच मग!”

बाई आल्या आल्या मास्तरांनी असे काही हात थरथरवले की लेकीला हसू आवरेना. मग घात झाला. बाईंच्या कोटाचं बटण दोऱ्याला लोंबत होतं. मास्तरांची नजर तिथे गेली आणि नाटक गेलं खड्ड्यात.

“काढा तो कोट. असं बाहेर पडवतं तरी कसं?”

त्यांच्या खिशाला ओवलेली सुई कायम टोचलेली असायची. रोज सकाळी लेक ती ओवून ठेवायची, आणि त्याबद्दल दोघंही बोलत नसत. लेक डोळे वटारत राहिली. मास्तरांनी जन्माच्या सवयीने कोट गुडघ्यावर पसरला, सपासप टाके घातले, दाताने दोरा तोडला. लेकीने मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

“घ्या! कोट फाटेल, पण बटण निघणार नाही.”

बाईंनी कोट उचलला. कोटाबरोबर मास्तरांचा पायजमा उठला आणि पायजम्याबरोबर पायही. बटण कोटासकट पायजम्याला शिवलं गेलं होतं, आणि खरंच निघत नव्हतं. शेवटी कात्री आणावी लागली. तिघंही हसत सुटले, मास्तर सगळ्यांत मोठ्याने. निघताना बाई लेकीला हळूच म्हणाल्या, “मदतनीस मिळेल तुम्हाला. मी तसं कळवते.”

दार लागलं. मास्तर पायजम्याचं भोक बोटाने चाचपत बसले होते.

“काय गं, कसं वाटलं माझं नाटक?” आवाजात ऐट तीच होती, पण ते लेकीकडे बघत नव्हते.

तिला रडू येत होतं. तिने सुई ओवली आणि पुन्हा त्यांच्या खिशाला टोचून ठेवली.

“झकास, बाबा,” ती म्हणाली. “मीसुद्धा फसले.”