लाल चिठ्ठीवरचे नाव

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. तपासणीचे अहवाल सोडले तर मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. आता चोपन्नाव्या वर्षी लिहायला बसलो आहे ते — खरे सांगायचे तर — जे तोंडाने बोलता आले नाही ते कागदाला सांगावे म्हणून. ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हाच काय तो धीर.

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्याकडे बिघडलेला भाग लाल पेटीत जातो आणि त्याला एक लाल चिठ्ठी बांधली जाते. दोष काय, कारण काय, आणि शेवटच्या चौकटीत — कोणाच्या हातून. ते नाव ज्याचे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचे, ही शिस्त मीच लावली. चूक झाली तर लाज नाही, चौकट कोरी ठेवली तर आहे — असे मी किती जणांना ऐकवले असेल?

सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून जोड देणे, मी अगदी उशिरा, दोन वर्षांपूर्वी, छंद म्हणून शिकलो. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या घराच्या गॅलरीत एक छोटे टेबल मांडले, दोन-तीन जुने रेडिओ बोलते केले, आणि — कबूल करतो — मला त्याचा गर्व झाला. आमच्या स्टोअरमधल्या दत्ताला हे कळले. त्याच्याकडे लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. त्याचे चित्र अँटेनाच्या वायरीतून येई, त्यामुळे नव्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत. कंपनीच्या बसमध्ये सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “आता साहेबांचा हात लागणार राव. आरशासारखं दिसंल बघा.”

मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो का?

उपाय पुस्तकात सोपा होता. अँटेनासाठी बसवलेला पत्र्याचा डबा टाळायचा, चित्र थेट बोर्डावरून घ्यायचे, एका ट्रान्झिस्टरने त्याला बळ द्यायचे आणि नव्या पिवळ्या सॉकेटपर्यंत न्यायचे. रविवारी सकाळी मी तो उघडला. आत वीज येते त्या ठिकाणी एक जुना जोड होता, त्याची हकिकत दत्ताने मला आधीच सांगितली होती. लहानपणी तिथली पिन तुटली, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, अण्णाने, स्टोव्हवर पेचकस तापवून ती जोडली होती. त्या दिवसापासून मोशीच्या त्यांच्या घरात अण्णाच्या हाताला गुण आहे असे ठरले. शेतीवरून काढून त्याला आयटीआयला पाठवले ते त्या एका जोडामुळे. आज राजगुरुनगरला पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचे अण्णांचे दुकान आहे.

मी तो जोड भिंगाखाली पाहिला. गोल, भरलेला, घट्ट. मी तो डोळे मिटून पास केला असता.

मग माझे काम सुरू झाले. सोल्डर वितळेना. अशा वेळी थांबायचे असते. मी सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक दाबून धरले. बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ कांद्याच्या पापुद्र्यासारखी उचलून आली. वायरीचा तुकडा लावून मी ती कशीबशी सांधली. चित्र आले — रंगही खरे आले — पण त्यावरून एक आडवी लाट सतत वर सरकत राहिली. पुन्हा उघडले, पुन्हा लावले. लाट तशीच.

आता सांगतो. आतापर्यंत जे सांगितले ती फक्त चूक होती.

मी अण्णांचा जोड वितळवला. त्यात काही दोष नव्हता, हे मला ठाऊक होते. तो पुन्हा कोणाला तपासता येऊ नये म्हणून काढून तिथे मी माझा जोड घातला, आणि मग सवयीने, सुवाच्य अक्षरात, एक चिठ्ठी लिहून गेमच्या खोक्यावर चिकटवली. दोष: चित्रात लाट. कारण: जुना जोड कच्चा, त्यामुळे आतील भागास इजा. शेवटच्या चौकटीत लिहिले — अकुशल हात.

पुढच्या रविवारी दत्ताने मला घरी जेवायला बोलावले. गेम लावला, लाटेसकट सर्वांना आवडला. मग त्याने ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. “अण्णा, ऐकलं का? इतकी वर्षं तुझं कौतुक केलं, आन् साहेबांनी तुला रिजेक्ट केलं की.”

सगळे हसले. अण्णाही हसले. मग आपल्या हाताकडे पाहत म्हणाले, “साहेबांनी तपासलंय म्हंजी आसंल. तवा मला कुठं काय येत व्हतं.”

मी काय केले? ताटातली पुरणपोळी मोडली. वाढणाऱ्या वहिनींना पुरे म्हणालो.

एवढ्यावर संपले असते तर कदाचित मी विसरलोही असतो — मी तसा माणूस आहे, हे आता मला कळले आहे. पण महिन्याभराने अण्णा पिशवीत पंपाचा स्टार्टर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. “साहेब, येवढा जोड बघता का? बरा हाय ना?” जोड उत्तम होता. मी तसे सांगितले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बसवेना. आयुष्यभर हे काम केलेला माणूस, तेव्हा हे शिकून जेमतेम सहा महिने झालेल्या माझ्याकडून स्वतःचा हात तपासून घेत होता.

तेव्हापासून ते प्रत्येक जोडाचा फोटो पाठवतात. गिऱ्हाइकाला माल देण्याआधी. दत्ता सांगतो, पूर्वी अण्णा दुकानात गाणी म्हणत काम करायचे, आता एकेक जोड दोनदा करतात. मी दर वेळी ‘पास’ लिहितो.

आज सकाळी पुन्हा फोटो आला आहे. खाली लिहिले आहे, “साहेब, चालंल का?” गिऱ्हाईक दुकानात थांबले असेल. मी ‘पास’ एवढेच लिहावे, की त्या जुन्या चिठ्ठीच्या शेवटच्या चौकटीत जे नाव हवे होते ते?