चाळीस कबुतरं आणि शेल्वीची पेंड

आता मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावायला नको. आमच्या अंबत्तूरच्या गल्लीत माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. आणि अशा मला चाळीस कोंबड्यांनी गप्प केलं!

झालं काय, घरामागे शेड टाकली, ब्रॉयलरची पिल्लं आणली. कारखान्यांच्या भागात मेस चालवणारा मुरुगन म्हणाला, "अम्मा, पहिली बॅच भरदार निघाली तर कायम तुमच्याकडूनच घेईन." मला आणखी काय हवं?

खाद्यासाठी शेल्वीकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, पण खाद्याची गिरणी एकटी चालवते. तिच्याकडची सोयाबीनची पेंड तेल काढलेली, वर वाफेवर शेकलेली. मी चिमूटभर तोंडात टाकली आणि फाडकन बोलले, "तेल काढलं, वर शिजवलं! सत्त्व उरलं कुठे? चोथा विकतेस काय गं?"

"अय्यो अक्का, शेकलं म्हणूनच अंगी लागतं."

"मला शिकवू नकोस! आमच्यात कडधान्य भिजवून मोड आणतात. लेकरं कशी टणटणीत होतात!"

घरी येऊन सोयाबीन भिजवला, मोड आणले, कच्चाच भरडून मक्यात कालवला. पिल्लं तुटून पडली. मी नसलेल्या मिशीला पीळ दिला.

तीन आठवड्यांनी बघते तर काय, पिल्लं काटकुळी! शेडमध्ये सगळीकडे पातळ पातळ घाण. शहाण्या बाईने कोणाला तरी विचारलं असतं. मी काय केलं? सोयाबीन दुप्पट केला!

ठरल्या दिवशी मुरुगन आला. वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. "अम्मा, कोंबड्या कुठे आहेत? ही कबुतरं कोणाची?"

गेली ना ऑर्डर! खाली मान घालून शेल्वीकडे गेले. दुसरी असती तर खिदळली असती. ही हातातलं काम टाकून माझ्याबरोबर निघाली. एक कोंबडी उचलली, छातीचं हाड चाचपलं, म्हणाली, "कच्च्या सोयाबीनमध्ये एक असं द्रव्य असतं अक्का, ते प्रथिनं पचूच देत नाही. आच दिली की ते मरतं. पण करपवलं तर प्रथिनंही गेली. पेंड सोनेरी पाहिजे, तपकिरी नको."

काय बाई आहे! नुसत्या रंगावरून पेंड ओळखते. मुरुगनला तिनेच बजावलं, "तीन आठवडे थांब. आता खाद्य माझं आहे."

आणि खरंच हो, त्याच कबुतरांच्या कोंबड्या झाल्या! अशा भरल्या की मुरुगन सगळ्या घेऊन गेला, पुढची बॅचही सांगून गेला. मी तिथेच शेल्वीचा हात धरला, म्हटलं, "चुकले गं. शेकल्याशिवाय पचत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

मागे आमचे हे उभे होते. जन्मात कधी मला उलटून न बोललेला माणूस!

"वीस वर्षं झाली," हे शेल्वीला म्हणाले, "कच्चे दाणे पचत नाहीत, पोट बिघडेल, म्हणून ही माझ्यापासून शेंगदाण्याचा डबा लपवते."

मी तोंड उघडलं. तसंच मिटलं. गल्लीने इतकी शांतता पहिल्यांदाच ऐकली.