आयुष्याची वर्षं मोजणाऱ्या बाई

बाई समोरच्याचं दुःख शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग चष्मा पुसत एकच विचारत, "यातून किती वर्षं मिळतील?"

बिबवेवाडीत एका गिरणीच्या वरच्या खोलीत आमच्या मदतनिधीचं काम चाले. बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गरजू रुग्णांचे अर्ज मी वाचून दाखवायचो. पैसे थोडे, अर्ज फार. एका प्रौढ माणसाचं यकृत बदलायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात हृदयाला छिद्र असलेली अकरा मुलं वाचतात, हे बाईंनी फळ्यावर मांडलं, तेव्हा समितीनं यकृताचा अर्ज बाजूला ठेवला.

"माणसाची किंमत करता तुम्ही!" नकार मिळालेला एक गृहस्थ संतापून म्हणाला.

"मी केली नाही तरी ती होतेच," बाई म्हणाल्या. "फक्त मग ओळखीवर होते."

एका बैठकीत वारज्याहून आलेला अर्ज वाचताना मी अडखळलो. यकृताचाच आजार, वय अठ्ठावन्न, आडनाव बाईंचं. त्यांचा धाकटा भाऊ.

"थांबलात का? वाचा."

वाचून झाल्यावर नकारासाठी पहिला हात बाईंनीच वर केला. त्यानंतर बराच वेळ त्या पाणी पीत राहिल्या.

महिन्याभरात कळलं, खडकवासल्याजवळचा स्वतःचा प्लॉट विकून बाईंनी भावाचं ऑपरेशन करवलं. मला राहवेना. घरी जाऊन म्हटलं, "बाई, रागावू नका, पण प्लॉटच्या त्या पैशांतही..."

"मुलं वाचली असती. सही करण्याआधी मोजली मी."

"मग?"

"निधी लोकांचा, प्लॉट माझा, असं उत्तर मी स्वतःला दिलं. विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर अर्धेच मार्क दिले असते." मग म्हणाल्या, "लहानपणी तो माझ्याशिवाय जेवायचा नाही हो."

भाऊ दीड वर्ष जगला. त्याच्या दहाव्यानंतर बाईंनी समितीचा राजीनामा दिला. आम्ही खूप विनवलं, पण त्या परत आल्या नाहीत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. राहता फ्लॅट त्यांनी निधीच्या नावे केला होता. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं : 'कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. माझी पद्धत वापरलीच पाहिजे असं नाही.'

फ्लॅट विकून झाला. पहिली मदत कुणाला द्यायची, यावर आमचं चार बैठका भांडण चालू आहे.