डोळ्याच्या काठावरचा गुरू

कुंडलच्या अलीकडे, जिथे द्राक्षबागा संपून ऊस सुरू होतो, तिथे धरणेंद्र मगदुमांची बेदाण्याची शेड आहे. हिरवा, सोनेरी आणि काळपट बेदाणा वेगळा करण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. निवडणीच्या बायका ज्या दाण्यावर अडत, तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला जाई आणि तिथेच निकाल लागे.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम मगदुमांच्या घरी कसोशीने पाळला जातो. इतरांच्या चुली पेटतात तेव्हा धरणेंद्र मोकळे असतात. या रिकाम्या सांजवेळेतूनच त्यांची दुर्बीण जन्माला आली. आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासला, आणि आकाशातल्या ग्रहामागे हळूहळू सरकणारी मोटरची बैठक गावातल्या लोहाराकडून करून घेतली. गुरूवरचे पट्टे पाहणे हा त्यांच्या दिवसाचा शेवट होता. त्याला ते छंद म्हणत नसत.

साठी ओलांडल्यावर एके दिवशी निवडणीच्या पट्ट्यावरचे दाणे मधोमध पुसट झाले. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मध्य झिजतो आहे; काठाची नजर टिकेल, मधली परतणार नाही. दुर्बिणीला डोळा लावल्यावर या निदानाचा अर्थ त्यांना नेमका कळला. गुरूचे चार चंद्र दिसत होते आणि ते ज्याच्याभोवती फिरतात तो गुरूच नव्हता. त्याची इवलीशी चकती डोळ्यात मधोमध पडलेल्या डागाआड पूर्ण मावत होती. किंचित बाजूला पाहिले तर ती सापडे, परंतु काठाची नजर ढोबळ असते. तिला वस्तू मोठी लागते. चकती डागाहून मोठी झाली तरच गुरू पुन्हा दिसणार होता.

"माझा डोळा बदलता येत न्हाई," ते पत्नीला, दीपालीला म्हणाले. "दुर्बिणीचा बदलता येतोय. तिला कॅमेरा लावायचा आणि गुरू पडद्यावर आणायचा."

अतिशय नावाचा त्यांचा पुतण्या सांगलीत लग्नांची छायाचित्रे काढतो. तो आपला सर्वांत भारी कॅमेरा घेऊन आला.

"काका, याच्यात नवरीच्या पापण्या मोजता येत्यात. गुरू काय चीज हाय!"

कॅमेरा दुर्बिणीला जोडला गेला. अफाट काळ्या चौकटीच्या मधोमध एक ठिपका उमटला. अतिशयने तो लॅपटॉपवर मोठा केला, तेव्हा उकळत्या दुधावरच्या सायीसारखा त्याचा आकार हलून पसरलेला दिसला.

"एवढं मोठं ताट, आणि मधी एक बेदाणा," धरणेंद्र म्हणाले. "कड कुठाय त्याला?"

"हवा हलतीय, काका. त्याला मी काय करू?"

"मग हवा थांबती तेवढ्यात गाठायचा. एक दाणा बघून कोण भाव करतंय व्हय? चित्रांचा ढीग पायजे. वाईट टाकायचे, चांगले ठेवायचे."

हा विचार योग्यच होता. त्यापुढे त्यांनी उचललेले पाऊल मात्र बेदाणेवाल्याचे होते. शेडमध्ये रंग पाहून दाणे वेगळे करणारे एक मोडीत निघालेले यंत्र पडून होते. उतरत्या पन्हळीवरून धो धो घसरणारा दाणा त्यातला कॅमेरा डोळ्याचे पाते लवण्याआधी टिपत असे. याहून चपळ डोळा कुठे मिळणार? धरणेंद्रांनी तो उपसला आणि त्याच्या पेटीसह व पडद्यासह दुर्बिणीला बसवला. पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा आल्या, बाकी काही नाही.

दीपाली पदराने घाम पुसत बघत होती. "आवं, त्यो कॅमेरा एका वेळी एकच रेघ बघतोय. दाणा पुढनं सरकतो म्हणून सगळा दिसतोय. गुरूला बी पन्हळीवरनं सोडा की!"

पुतण्या हसून हसून लोळला. धरणेंद्र हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा शांतपणे सोडवला. रेघ चुकली होती, चपळाई चुकली नव्हती. पाहिजे तो कॅमेरा आता त्यांना वर्णन करून सांगता येत होता: प्रकाश टिपणारा संवेदक लहान, कारण गुरूभोवतीचा अंधार टिपून उपयोग नाही, मात्र रेघेऐवजी पूर्ण चौकट एकदम पाहणारा, आणि क्षणात शेकडो चौकटी संगणकाकडे सोडणारा. ग्रहांसाठी असे मुठीएवढे कॅमेरे मिळतात, हे अतिशयने शोधून काढले. प्रश्न उरला रंगीत की कृष्णधवल, एवढाच.

"रंगीतच घ्या. तुमी रंगावर जगलेला माणूस."

"कृष्णधवल. रंगीतात रंगाची जाळी मधी येती, बारकावा थोडा जातोय."

"एवढं करून काळापांढरा गुरू?"

"गुरूचा रंग माझ्या ध्यानात हाय, गड्या. मला कड पायजे."

कॅमेरा आला तरी पहिल्या सांजेला चित्र उकळतच राहिले. दिवसभर तापलेला शेडचा पत्रा संध्याकाळी ऊब सोडत होता आणि दुर्बिणीची नजर नेमकी त्याच्यावरून जात होती. अतिशयने रंगीत कॅमेऱ्याची गोष्ट पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी धरणेंद्रांनी बैठक उचलून पाणी पाजलेल्या उसाच्या गार बांधावर नेली.

ती फाल्गुनातली सांज होती. जेवणे उरकली होती, पश्चिमेला अजून तांबूस होते आणि गुरू वर आला होता. बांधावरच्या टेबलावर अतिशयने घरातला टीव्ही मांडला. चकती पडद्यावर आली. आधी थरथरली, मग हवा निवळली, लॅपटॉप हललेल्या चौकटी टाकत आणि चांगल्या ठेवत गेला, तशी तिची कड धरली गेली. अतिशयने ती मोठी केली, आणखी मोठी केली, परातीएवढी.

धरणेंद्र पडद्यासमोर बसले. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवली आणि ते टीव्हीच्या बाजूला बसलेल्या दीपालीकडे एकटक पाहू लागले.

"आवं, गुरू तिकडं हाय," ती ओशाळून म्हणाली. "पोराम्होरं काय बघताय?"

"दोन पट्टे," ते म्हणाले. "खालचा जरा जाड. वरच्याला गाठ हाय."

अतिशयने पडद्याकडे पाहिले. गाठ होती.

दीपाली उठू लागली, तसा धरणेंद्रांनी हात वर केला.

"हलू नगंस. तुझ्याकडं बघितलं की त्यो दिसतोय."