वन्संच्या गोळ्या आणि माझं इंग्रजी

धारहून तार आली ती मी दारातच वाचली. आळीत कुणाचीही तार असली तरी पोस्टमन ती माझ्याच हाती देतो, कारण इंग्रजी येणारी बाई मी एकटीच. या वेळी तार माझीच होती. वन्सं गेल्या होत्या... बाळांनो, तुम्ही इतक्या लांब आहात. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण तुम्हाला नुसती फोटोतून माहीत. म्हणून महिन्याभरानं हे लिहायला बसले आहे.

संस्थानं विलीन झाली तेव्हा त्यांच्या यजमानांची दरबारी नोकरी गेली, आणि वर्षभरात तेही गेले. वन्संनी धारला पापड लाटून मुलाला शिकवलं. देवासला आमच्याकडे आल्या की माझी थट्टा करीत. "अगं मडमे, डाळ लागली खाली! बघ, तुझ्या पुस्तकात काय उपाय दिलाय ते." पण कोर्टाचा, विम्याचा, कसलाही इंग्रजी कागद आला की माझ्यापुढे मांडी घालून बसत. "सगळं वाच हं. गाळू नकोस काही." मी कधीच गाळलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या बरगड्यांवर नागीण उठली. फोड सुकले, पण आतली आग काही विझेना. पदर घासला तरी त्या कळवळत. लेप झाले, उतारे झाले. शेवटी मी त्यांना इंदूरला, विलायतेहून नुकत्याच परतलेल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नव्या गोळ्या दिल्या आणि गुण यायला वेळ लागेल म्हणून बजावलं. वन्सं आमच्याकडेच राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या उशिरा उठल्या. "उजव्या कुशीवर निजले गं मी," म्हणाल्या, आणि रडल्या.

गोळ्यांची दुसरी बाटली आणली, तिच्या खोक्यात घडी केलेला कागद होता. वन्सं समोर बसल्या. मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. हे औषध मनाच्या तीव्र उदासीवर आहे, वेड्यांच्या इस्पितळांत वापरतात... दुखण्याचा त्यात उल्लेखही नव्हता. थांबायला हवं हे मला मध्येच कळलं होतं. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"म्हणजे डॉक्टरनं मला वेडी ठरवली?"

"तसं नाही हो वन्सं..."

"सूनबाई वर्षभर हेच म्हणतेय. सासूबाईंचं दुखणं डोक्यातलं आहे. आता तिला कागदच मिळाला की!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं त्या धारला गेल्या. बाटली माझ्या फळीवर तशीच राहिली.

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. त्यांचं सविस्तर उत्तर आलं. काही रोग्यांत हीच गोळी नसांचं दुखणंही शमवते, का ते अजून नीट कळलेलं नाही; तुमच्या वन्सं पूर्ण शहाण्या आहेत. ते उत्तर आणि बाटली घेऊन मी धारला गेले. माजघरात त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी शब्द न् शब्द वाचून दाखवला.

"छान वाचलंस," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून आज पहिल्यांदा गाळलंस ना?"

मी शपथ घेतली. त्यांनी गोळी घेतली नाही. पुढे झोप गेली, जेवण गेलं, आणि शेवटी साध्या तापानं त्या गेल्या.

तेराव्यानंतर सूनबाईनं त्यांची ट्रंक माझ्यापुढे उघडली. आत सहा चोळ्या होत्या. प्रत्येकीची उजवी बाजू बगलेखाली कापून काढलेली, कापड त्या बरगड्यांना लागू नये म्हणून. कडा दुमडून हातानं शिवलेल्या. सूनबाईनं एका कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मामी, त्या गोळ्यांनी खरंच बरं वाटत होतं त्यांना?"

"हो," एवढंच मी म्हणाले.

त्यांतली एक चोळी मी घेऊन आले. टाके बारीक आहेत, सगळे एकसारखे, एकही चुकलेला नाही. हे टाके डोकं ठिकाणावर असलेल्या बाईचे आहेत, असं सूनबाईला मी तिथेच, मोठ्यानं सांगायला हवं होतं.