माझ्या रानातला आंबा

गिऱ्हाइकाच्या मेलमधली एकच ओळ पिवळी केलेली होती. ‘झाड जंगलातलं आहे असं तुमचाच शेतकरी लिहून देतो, मग हा माल आम्ही कसा घ्यायचा?’ शेठनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, “जयेश कुठे आहे?”

मी समोरच बसलो होतो. शेतकऱ्याच्या त्या कागदाचं भाषांतर माझं होतं. मला कुणी काही विचारलं नाही.

ठाण्याकडच्या दापोड्यातल्या आमच्या गोडाऊनमधून आंब्याच्या लाकडाचे स्टूल आणि ट्रे युरोपात जातात. तिथे एक कायदा झाला आहे. लाकूड, कॉफी, रबर असा माल जंगल तोडून आलेला नाही, हे दाखवल्याशिवाय बाजारात आणता येत नाही. झाड ज्या जमिनीत वाढलं तिचे अक्षांश-रेखांश द्यायचे, तोड कायदेशीर असल्याचे कागद द्यायचे. कायदा लागू व्हायची तारीख पुढे ढकलली जात होती, पण आमचं गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. कागद बरोबर असतील तर वर्षभराची ऑर्डर, नाहीतर काही नाही.

एक्स्पोर्टचे कागद एकवीस वर्षं मीच करतो. हे कामही माझ्याकडे येणार, असं मी धरून चाललो होतो. शेठनी ते जयेशला दिलं. जयेश अंजूरचा, शेतकऱ्याच्या घरातला, तिशीतला. आमचा लोडिंग सुपरवायझर.

“प्रधान, तुम्ही बांधावरून चालणार काय?” शेठ हसले. “उसको जाने दो. तुम्ही त्याचे कागद इंग्लिशमध्ये करा.”

जयेश घाटावर जाऊन आठ दिवस राहिला. हातात फोन धरून त्याने एकेका शेताला फेरी मारली. सातबारे, तोडीचे परवाने, शेतकऱ्यांचे जबाब, सगळं आणलं. गिऱ्हाइकाचं काम बघणाऱ्या युरोपातल्या बाईंना मोडक्या इंग्रजीत फोटो पाठवले. बाई खूश. मेल ‘डिअर जयेश’ अशा सुरू होऊ लागल्या आणि मी सीसीमध्ये गेलो. सीसी म्हणजे ज्याने वाचलं नाही तरी चालतं, असा माणूस. एकदा व्हिडिओ कॉलवर बाई त्याच्या कुठल्याशा वाक्याला खळखळून हसल्या. माझ्याशी त्या वर्षानुवर्षं बोलत होत्या. कधी हसल्या नव्हत्या. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

एका शेतकऱ्याच्या जबाबात वाक्य होतं : ‘सदर आंबा माझ्या रानातला असून माझ्या संमतीने तोडला आहे.’

आमच्या ठाण्याकडे रान म्हणजे जंगल. घाटावर रान म्हणजे शेत. माझी सासुरवाडी फलटणकडची. सासरे रोज सकाळी रानात जायचे, ते ज्वारीला पाणी द्यायला. मला अर्थ पक्का माहीत होता. मी ‘फॉरेस्ट’ टाइप केलं आणि थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो. उद्या कुणी विचारलं तर शब्दकोश माझ्या बाजूने उभा राहिला असता. मी फाइल पाठवून दिली.

पिवळ्या ओळीची ती मेल आली त्या दिवशी, शेठनी बोलावल्यावर जयेश आत आला.

“जंगल का माल लाया तू?”

“जंगल न्हाय शेठ तिथं. त्या आंब्याखाली कांदा लावलेला हाय.”

“मग शेतकरी खोटं लिहितो?”

“तो रान बोलला. तिकडं शेताला रान बोलतात.”

“माहीत होतं तर शेत लिहून घ्यायचं ना! उद्यापासून परत लोडिंगला उभा राहा.”

जयेशने माझ्याकडे बघितलं. आता माझं नाव घेईल, असं वाटलं. तो म्हणाला, “काकांची चूक न्हाय. कागदावर जे हाय तेच ते लिवणार. मीच काकांना समजावून सांगायला पायजे होतं.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “बघतो, काही करता येतं का.”

एका दुपारी जमलं. नवं भाषांतर, ‘रान’च्या दोन अर्थांवर टीप, सातबाऱ्यावरची कांद्याची नोंद आणि जयेशनेच काढलेले वाफ्यांचे फोटो. दोन दिवसांनी मंजुरी आली, ‘डिअर मिस्टर प्रधान’ म्हणून. जयेश सीसीतही नव्हता. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “शेवटी अनुभव तो अनुभव.”

ते ऐकल्यावर आठवडाभर मला धड झोप नव्हती. मग केबिनमध्ये जाऊन उभ्यानेच सगळं सांगितलं. शेठनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

“प्रधान, माल गेला ना? फिर क्यूँ खोद रहे हो?”

“जयेशला फाइल परत द्या.”

“एका फाइलला दोन माणसं नकोत. तुम्हीच ठेवा.”

जयेश बाहेर कंटेनरचं सील तपासत होता. त्यालाही सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, “कशापायी, काका?”

“मेलवर तुझं नाव पहिलं यायचं.”

तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला. “मला त त्या मेल अर्ध्या समजायच्याच न्हाय. तुमच्याकडनंच शिकणार होतो.”

महिनाअखेरीला तो दुसऱ्या एक्स्पोर्टरकडे गेला. तिथे हेच काम करतो. त्याच्या फाइली पहिल्या फेरीत पास होतात, असं ऐकतो. ऐकून अजूनही थोडं टोचतं, हे लपवत नाही.

दोन अर्थांचा शब्द आला की आता मी जबाब देणाऱ्याला फोन करतो. पाच मिनिटं लागतात.