कांद्याचं झिंक आणि आईचे गाल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी सांगतेच, लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

त्या उन्हाळ्यात शेवगावला मावसबहिणीचं लग्न होतं, चार दिवसांवर आलेलं. कांदा काढून काढून आईचे गाल रापले होते, सालपटं निघत होती. "हे तोंड घिऊन मी मांडवात न्हाई यायची," म्हणून तिने पेटीतून साडीसुद्धा काढली नव्हती. सख्ख्या भाचीचं लग्न! मी ऐटीत म्हणाले, "कातडीला झिंक चांगलं असतं. उद्या तालुक्याहून आणते."

दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आले, तर आई हौदापाशी तोंडावर सपासप पाणी मारत होती. "लई आग व्हतीय गं!" बाजूला वाटीत दही, दह्यात पांढरे खडे. पडवीतली उरलेली पिशवी उघडी. कांद्याची पात पिवळी पडली की वडील जे झिंक सल्फेट टाकतात, तेच!

"अगं, ते पिकाचं!"

"तूच म्हनलीस ना झिंक चांगलं? पात हिरवी व्हती त्यानं. मी काय पातीपरीस वाईट हाय व्हय?"

पिकाचं झिंक सल्फेट वेगळं, मलमातलं झिंक ऑक्साइड वेगळं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. घरात सांगायचं राहिलं. वडील एवढंच बोलले, "शिकली ही, अन् भाजली ती."

डॉक्टरांनी आईचे लाल गाल पाहिले, मग माझी ट्यूब. "हेच लावा. यातलं झिंक झोंबत नाही. वर थर धरून बसतं, ऊनही अडवतं."

"परत झिंक?" आईने माझ्याकडे पाहिलं. "आदी तू लाव."

संध्याकाळभर मी नाकाला पांढरा पट्टा ओढून घरात फिरले. नाक शाबूत आहे असं बघून मगच तिने बोटावर मलम घेतलं. तिसऱ्या दिवशी लाली उतरली आणि पेटीतून साडी निघाली.

मुहूर्त भर दुपारचा. आईने मलम सढळ हाताने थापलेलं. मांडवात मामी म्हणाली, "काय वन्सं, गिरनीतून थेट आलात व्हय?"

"पीठ न्हाई, झिंक हाय," आई मान ताठ करून म्हणाली. "माज्या बी.एस्सी. पोरीनं आनलंय."

दह्यातल्या झिंकबद्दल ती बोलली नाही. मी तर नाहीच नाही.